फडावरची ओळख

रब्बीची सुगी आटोपून खळी रिकामी झाली, की जालना जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांचे आणि उरुसांचे दिवस सुरू होतात. आणि ज्या गावाला कुस्त्यांच्या फडाची परंपरा आहे, तेथील लोक देवदर्शन, पालखी व बाजार ही सारी अंगे यथासांग पार पडली तरी फड भरल्यावाचून जत्रा पूर्ण झाली असे मानीत नाहीत. या फडात उतरणारे बहुसंख्य मल्ल हौशी असतात. कोणी शेतकऱ्याचा मुलगा, कोणी जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, कोणी महाविद्यालयातला विद्यार्थी. पहाटे तालमीत मेहनत करावी, दिवसभर आपला उद्योग सांभाळावा आणि जत्रेच्या दिवशी लंगोट कसून मातीत उतरावे, हा त्यांचा शिरस्ता. इनाम बहुधा इतके अल्प असते की वर्षभराचा खुराक दूरच राहो, जाण्यायेण्याचे भाडेही त्यातून भागणे कठीण. तरीही ही मुले वर्षानुवर्षे फडावर येतात. मला वाटते, याचे कारण फडाच्या रचनेतच आहे, आणि त्या रचनेचे मर्म जोड लावण्यात आहे.

फडाच्या कडेला बसलेल्या मुलांतून पंच दोघांना उठवितात, त्यांना शेजारी उभे करून उंची, वजन, वय आणि तयारी नजरेने जोखतात, दोन्हीकडच्या वस्तादांचा होकार घेतात, आणि मगच हलगीच्या कडकडाटात कुस्ती लागते. जोड विजोड वाटली तर भोवतालचा समुदायच ती मोडावयास लावतो. प्रारंभी रेवड्यांवर किंवा नारळावर बाळगोपाळांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामांच्या, आणि सर्वांत शेवटी मानाची कुस्ती, असा हा क्रम असतो. यात जो हरतो तोही आपल्याच तोलाच्या मल्लाशी झुंजून हरलेला असतो, म्हणून त्याला मान खाली घालावी लागत नाही. आणि कोणाच्या घरी किती एकर जमीन आहे, कोणाचे आडनाव काय आहे, हे प्रश्न निदान त्या काही मिनिटांपुरते गौण ठरतात. पाठीची माती झटकून दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर येतात, वस्ताद परस्परांना आपापल्या गावच्या जत्रेचे निमंत्रण देतात, आणि पुढे केव्हातरी बाजार समितीच्या आवारात, दवाखान्याच्या दारात किंवा एखाद्या लग्नाच्या मांडवात गाठ पडली, म्हणजे ‘आपली जोड लागली होती’ एवढे शब्द ओळखीला पुरेसे होतात. भोकरदनच्या मुलाला घनसावंगीकडच्या गावात हक्काचे घर मिळते ते असे.

असमानांना समान पातळीवर आणून त्यांचा परिचय घडविण्याची ही युक्ती जगाच्या दुसऱ्या टोकाला, सर्वस्वी भिन्न अशा खेळातही योजिलेली दिसते. गोल्फच्या क्लबांत प्रत्येक हौशी खेळाडूचा एक हँडिकॅप ठरविलेला असतो. कच्च्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून त्या प्रमाणात फटके वजा केले जातात, त्यामुळे नवशिक्या कारकूनही निष्णात खेळाडूच्या बरोबरीने स्पर्धेत उतरू शकतो. फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टराने योजिलेली आणि इंग्लंडातील वॉलेसी क्लबात 1932 साली अमलात आलेली गुणपद्धती तर याहूनही दयाळू आहे. एका खड्ड्यापाशी झालेली फजिती तेथेच संपते, पुढल्या खेळावर तिची छाया पडत नाही. तेथे जे काम गणित करते, ते येथे पंचांची अनुभवी नजर करते. मात्र गोल्फचे विस्तीर्ण हिरवे मैदान आणि क्लबाची वर्गणी सामान्यांच्या आवाक्याबाहेरची, तर फडाला गावची माती आणि घरटी पट्टी पुरते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

या मुलखाचा कुस्तीशी असलेला ऋणानुबंध केवळ गावजत्रेपुरता नाही. ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली स्पर्धा 1961 साली औरंगाबादेस झाली, तेव्हा जालना त्याच जिल्ह्याचा भाग होता, स्वतंत्र जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. पुढे डिसेंबर 2018 मध्ये ही स्पर्धा खुद्द जालन्यात भरली, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याच्या वतीने लढणाऱ्या बाला रफिक शेख याने आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला हरवून चांदीची गदा पटकावली. रफिकसारखे मल्लही याच महाराष्ट्राच्या मातीतून वर आलेले असतात, हे प्रेक्षक जाणून असतात. म्हणूनच त्या गदेचा आनंद कोण्या एका जिल्ह्याचा राहिला नाही.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. या परिचयाच्या सुखापासून मुली दीर्घकाळ वंचित राहिल्या. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या 1754 साली स्थापन झालेल्या गोल्फ क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव 2014 साली केला. आपल्याकडे महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ 2023 साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. राज्याच्या पातळीवर उघडलेले हे दार गावच्या फडावरही उघडले पाहिजे.

दुसरी चिंता पैशाची आहे. मोठ्या इनामाची, बाहेरून बोलावलेल्या नामांकित मल्लांची एकच कुस्ती व्हावी आणि जमलेली सारी पट्टी तिच्यावर खर्ची पडावी, असा मोह यात्रा समित्यांना होतो. गर्दी त्याने वाढते, परंतु गावची मुले तेवढ्याच प्रमाणात प्रेक्षक होऊन बसतात. म्हणून ज्यांच्या हाती जत्रेचा हिशेब आहे त्या सर्वांना माझी विनंती आहे: मानाची कुस्ती अवश्य लावा, पण पट्टीचा निम्मा भाग आणि दिवसाचे पहिले दोन तास पंचक्रोशीतील हौशी मुलामुलींच्या जोडींसाठी राखून ठेवा.