उसाचं कांडं आणि झ्लिनचा पंख

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि चार दिवस ते डोक्यातून जात नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांबद्दल वाचून ते विचारतात, ‘घरी बांधलेल्या विमानाचा पंख हवेतच मोडला तर पायलटच्या हातात काय उरतं?’

बहुतेक वेळा काहीच उरत नाही. एकदा उरलं होतं. ते विमान मात्र घरचं नव्हतं, चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्यातलं होतं. झ्लिन अ‍ॅक्रोबॅट.

३ जून १९७०, इंग्लंडमधलं हुलाव्हिंग्टन. पायलट नील विल्यम्स जागतिक हवाई कसरत स्पर्धेचा सराव करत होते. हजारेक फुटांवर त्यांनी विमान सपाटीला आणायला स्टिक ओढली. पाच जी, म्हणजे पंखांवर विमानाच्या वजनाच्या पाचपट भार. तेवढ्यात मोठा आवाज झाला आणि डावा पंख वरच्या बाजूला मुडपायला लागला. विमान डावीकडे कलंडत खाली निघालं, काही केल्या सरळ होईना.

तुम्ही सांगलीचे, म्हणून उसाचंच उदाहरण देतो. कांडं गुडघ्यावर ठेवून वाकवा. गुडघ्याला टेकलेली बाजू दाबली जाते, पलीकडची ताणली जाते आणि तीच आधी फाटते. अर्ध्यावर थांबा, कांडं फिरवून उलट्या बाजूने वाकवा. फाट मिटते, आणि कांडं पुन्हा जोर धरतं.

पंखाच्या कण्याचं, म्हणजे स्पारचं, असंच असतं. सरळ उडताना हवा पंख वर उचलते, त्यामुळे स्पारची खालची पट्टी ताणात आणि वरची दाबात असते. विल्यम्स यांच्या विमानात पंखाच्या मुळाशी खालची पट्टी थकून तुटली होती. धातूही थकतो. एका झटक्यात न मोडणारा भाग हजारो वेळा ताणला की त्यात चीर पडते, आणि ती वाढत जाते.

त्या क्षणी त्यांना एका बल्गेरियन पायलटची हकीकत आठवली. त्याच्या जुन्या झ्लिनच्या पंखाचा वरचा बोल्ट उलटं उडताना तुटला होता, आणि विमान सुलटं होताच पंख जागेवर बसला होता. आपलं नेमकं त्याच्या उलट आहे, हे विल्यम्स यांना त्या कोसळत्या विमानात, जमीन समोर येत असताना उमगलं. हे मी कितीदा वाचलं असेल, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. त्यांनी विमान ज्या बाजूला कलंडत होतं त्याच बाजूने पुरतं उलटं केलं. धाडकन पंख जागेवर बसला.

आता कोसळणारच म्हणून त्यांनी इंधन बंद केलेलं, इंजिन थांबलेलं. इंधनाचा कॉक परत उघडला, इंजिन पुन्हा सुरू झालं. उलटं उडताना इंधन पुरणार आठेक मिनिटं. तसेच उलटे ते धावपट्टीपर्यंत आले, आणि अगदी शेवटच्या क्षणी, गवताला टेकता टेकता, विमान सुलटं केलं. पंख पुन्हा मुडपला, विमान पोटावर घसरत गेलं. विल्यम्स चालत बाहेर आले.

तेव्हा घर की कारखाना, हा प्रश्न चीर विचारत नाही. पण घरी बांधणाऱ्याला एक मोठी सोय असते. प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः बसवलेला असतो, कुठे बघायचं ते त्याला ठाऊक असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात पंखाच्या मुळाजवळ रिव्हेटांवरून बोट फिरवा. सैल झालेला रिव्हेट पत्र्याशी घासत राहतो आणि मागे काजळीसारखी काळी रेघ सोडतो. बोटाला काळं लागलं, तर त्या दिवशी उड्डाण नाही.