बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोत

पुनर्विकासासाठी घर रिकामे करताना सामान दोन-तीन वर्षे गोदामात ठेवावे लागते. बांधण्यापूर्वी गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्या; ओल राहिली तर बुरशी धरते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो.

पण बाळाच्या झबल्या-दुपट्यांत डांबरगोळ्या टाकू नका. काही बाळांमध्ये ‘जी६पीडी’ या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. डांबरगोळ्यांतील नॅप्थलीनमुळे त्यांच्या लाल रक्तपेशी फुटतात. नवजात बाळाची कावीळ फार वाढल्यास मेंदूला इजा होऊ शकते. त्यापेक्षा कपडे धुऊन, कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. असे कपडे वापरल्यावर बाळ पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि डांबरगोळ्यांचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करा.