जोडीदाराचा आकस्मिक आजार आणि निदानापूर्वीचा काळ : गुलेन बॅरी सिंड्रोमच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पती किंवा पत्नी यांपैकी एकाला अचानक गंभीर आजार होतो आणि त्याचे निदान लगेच होत नाही, तेव्हा दुसऱ्या जोडीदारावर एकाच वेळी अनेक भूमिका येऊन पडतात. प्रस्तुत लेखात गुलेन बॅरी सिंड्रोम या आजाराच्या आधारे या काळाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. माहिती देणारा, संवाद साधणारा, खर्चाची व्यवस्था पाहणारा आणि स्वतःही आधाराची गरज असणारा अशा चार नात्यांनी जोडीदाराच्या कार्याचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : आकस्मिक आजार, निदान, सहचर, संमती, अनिश्चितता, शुश्रूषा

१. प्रस्तावना

मधुमेह, रक्तदाब, क्षय या आजारांना नाव असते. नाव कळले की उपचारांची दिशा, खर्चाचा अंदाज आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावयाचे उत्तर या तिन्ही गोष्टी कुटुंबाच्या हाती येतात. परंतु काही आजार असे असतात की, आदल्या दिवशी कामावर जाऊन आलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी अंथरुणावरून उठू शकत नाही आणि तिला काय झाले आहे हे सांगण्यास डॉक्टरही काही काळ असमर्थ असतात. या काळात जोडीदाराने केवळ वाट पाहावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. निदानापूर्वीच्या काळाची स्वतःची अशी कर्तव्ये आहेत आणि त्यांतील काही जोडीदाराखेरीज दुसरे कोणीही पार पाडू शकत नाही. प्रस्तुत लेखाचे हेच प्रतिपाद्य आहे.

विवेचनासाठी गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हा आजार निवडला आहे. हा आजार निरोगी माणसालाही अचानक गाठतो, आरंभीच्या तपासण्यांत तो अनेकदा दिसत नाही आणि त्यात शरीर थांबले तरी बुद्धी बहुधा जागी राहते. महाराष्ट्राला त्याची व्यापक ओळख २०२५ च्या जानेवारीत झाली. पुण्यातील सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या परिसरात त्याचा उद्रेक होऊन संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. उद्रेकात आजाराचे नाव सर्वतोमुखी होते. एरवी मात्र हा आजार वर्षाला लाखात एका-दोघांनाच होतो आणि त्या एकट्या कुटुंबाला त्याचे नाव ठाऊक नसते.

२. आजाराचे स्वरूप

जॉर्ज गियाँ, जाँ अलेक्झांडर बारे आणि आंद्रे स्त्रोल या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून या आजाराला हे नाव मिळाले. जुलाब किंवा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर काही दिवसांनी अथवा आठवड्यांनी तो सुरू होतो. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर किंवा त्यांच्या मायलिन या आवरणावर हल्ला करतात. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या आवरणातील काही रेणूंचे मज्जातंतूंतील रेणूंशी असलेले साम्य हे त्याचे एक सुपरिचित कारण होय. पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांतही हा जिवाणू आढळला होता.

प्रथम पावलांना मुंग्या येतात, मग पायांतील शक्ती जाते आणि ही दुर्बलता वर सरकत हात, चेहरा, गिळण्याचे व श्वासाचे स्नायू यांपर्यंत पोहोचू शकते. ती बहुतेक रुग्णांत दोन आठवड्यांत, तर जास्तीत जास्त चार आठवड्यांत कमाल पातळी गाठते. सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. सहा महिन्यांनंतर सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू शकतात, तथापि उत्तम उपचार मिळूनही सुमारे ५ टक्के रुग्ण दगावतात.

३. निदानास विलंब का होतो?

या आजाराचे निदान प्रामुख्याने लक्षणांच्या क्रमावरून आणि शारीरिक तपासणीवरून केले जाते. गुडघ्यावर हातोडी मारली असता पाय न उडणे ही त्यातील महत्त्वाची खूण होय. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिनांचे प्रमाण वाढते, परंतु पहिल्या आठवड्यात ते प्राकृत असू शकते. मज्जातंतूंच्या वहनाची तपासणीही आरंभी निर्दोष येऊ शकते. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. ‘या तपासणीत, या दिवशी दोष दिसला नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो. जोडीदाराने हा भेद समजून घेतला नाही, तर रुग्णाकडे ‘ढोंग करतो’ किंवा ‘मनाचे खेळ आहेत’ अशा दृष्टीने पाहिले जाते. स्त्री रुग्णांच्या वाट्याला हा अविश्वास विशेषत्वाने येतो.

४. जोडीदाराची साक्ष

हातापायांतील शक्ती अकस्मात जाण्याची कारणे अनेक आहेत. रक्तातील पोटॅशियम कमी झाल्यास असे घडते. रक्ताच्या साध्या तपासणीने ते कळते आणि भरूनही काढता येते. मण्यार जातीच्या सापाचा दंश अनेकदा रात्री झोपेत होतो. त्याची वेदना किंवा खूण जवळजवळ नसते. सकाळी पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात आणि मग श्वास मंदावतो. कीटकनाशकाची विषबाधा हेही एक कारण आहे. या प्रत्येकावरील उपचार वेगळे आहेत. रुग्ण रात्री जमिनीवर झोपला होता काय, आदल्या दिवशी फवारणीला गेला होता काय, दहा दिवसांपूर्वी त्याला जुलाब झाले होते काय, अशक्तपणा पायांपासून वर गेला की डोळ्यांपासून खाली आला, या प्रश्नांची उत्तरे यंत्रांकडे नसतात. ती एकाच छताखाली राहणाऱ्या माणसाकडे असतात.

म्हणून जोडीदाराने वहीत तारीखवार नोंद करावी. शेवटी पूर्ण बरे केव्हा होते, पहिले लक्षण कोणते, त्यानंतर कोणत्या क्रमाने काय बदलले, गेल्या महिन्याभरात कोणते ताप-जुलाब, औषधे, लसी वा प्रवास झाले, एवढे त्यात असावे. जे स्वतः पाहिले ते आणि जे तर्काने वाटते ते वेगवेगळे लिहावे. एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना कागदपत्रे मागे राहतात, डॉक्टरांच्या पाळ्या बदलतात. अशा वेळी ही वही आजाराचा सलग इतिहास सांगते.

५. थांबू नये अशी चिन्हे

निदान नसले तरी धोका ओळखता येतो. एका दमात वाक्य पूर्ण न होणे, आवाज क्षीण होणे, खोकला दुबळा होणे, पाणी पिताना ठसका लागणे, मान उचलता न येणे ही श्वासाचे स्नायू थकत असल्याची चिन्हे होत. एका श्वासात मोठ्याने किती अंक मोजता येतात, हे डॉक्टरही पाहतात. २०२० नंतर अनेक घरांत बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आले आहे. परंतु या प्रकारच्या आजारात रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अगदी उशिरापर्यंत प्राकृत दिसू शकते. त्यामुळे यंत्रावरील ९८ हा आकडा पाहून निर्धास्त राहणे घातक ठरते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. आणीबाणीच्या प्रसंगी प्राण वाचविण्यासाठी उपचार देणे हे सरकारी व खासगी अशा सर्व डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे.

६. अतिदक्षता विभाग : संवाद आणि संमती

श्वासनलिकेत नळी असलेला जीबीएसचा रुग्ण बोलू शकत नाही, परंतु औषधाने झोपविलेला नसेल तर तो बहुधा सारे ऐकत व समजत असतो. त्याच्या उशाशी उभे राहून खर्चाची चर्चा करणे किंवा ‘आता काही खरे नाही’ असे बोलणे म्हणजे त्याला ते प्रत्यक्ष सांगण्यासारखेच आहे. पापणी एकदा मिटणे म्हणजे ‘हो’ आणि दोनदा मिटणे म्हणजे ‘नाही’ असा संकेत ठरवावा. अक्षरांचा तक्ता दाखवून शब्द जुळविता येतात. आज वार कोणता, मुले कोठे आहेत, पुढे कोणती तपासणी आहे, हे त्याला रोज सांगावे.

संमतीचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. पतीची वा पत्नीची सही पुरेशी आहे, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आढळते. समीरा कोहली खटल्याच्या निकालात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, संमती देण्यास समर्थ असलेल्या प्रौढ रुग्णाऐवजी अन्य कोणाची संमती चालत नाही. मान हलवून किंवा पापणीने उत्तर देऊ शकणाऱ्या व्यक्तीला विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. रुग्ण बेशुद्ध असेल तेव्हा जोडीदाराने ‘मला काय हवे’ यापेक्षा ‘त्याने किंवा तिने काय निवडले असते’ हा प्रश्न स्वतःस विचारावा.

नातेवाइकांची संख्या वाढली की सल्लेही वाढतात. डॉक्टरांशी बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि तिने इतरांना दिवसातून एकदा वृत्तांत द्यावा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : सध्या कोणत्या शक्यतांचा विचार चालू आहे? त्यांपैकी तातडीची कोणती? पुढील चोवीस तासांत कशावर लक्ष ठेवावयाचे आहे?

७. उपचार आणि खर्च

जीबीएसवर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे किंवा रक्तद्रव बदलणे हे दोन सिद्ध उपचार आहेत. केवळ स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा दर किलो वजनामागे एकूण २ ग्रॅम, सहसा पाच दिवसांत विभागून दिली जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस १२० ग्रॅम औषध लागते आणि खासगी रुग्णालयातील एकंदर खर्च लाखांच्या घरात जातो. उपचारांनंतर लगेच सुधारणा दिसली नाही तर ‘आणखी एकदा तेच द्या’ असा आग्रह कुटुंबीय धरतात. परंतु गंभीर रुग्णांना दुसरी मात्रा दिल्याने लाभ होत नाही आणि दुष्परिणाम वाढतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. तेव्हा मज्जातंतू सावकाश भरून येतात हे ध्यानात घेऊन पैसा पुढील काही महिन्यांच्या फिजिओथेरपीसाठी राखणे अधिक शहाणपणाचे ठरते.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे काय, याची चौकशी दाखल करतानाच आरोग्यमित्राकडे करावी. बँकेच्या बाबतीत एक गैरसमज विशेष नुकसान करतो. खात्याचे नामनिर्देशन खातेदाराच्या मृत्यूनंतरच उपयोगी पडते, आजारपणात त्याचा उपयोग नाही. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा संयुक्त खात्यातून मात्र जोडीदारास पैसे काढता येतात. ही व्यवस्था दोघेही धडधाकट असतानाच करून ठेवावयाची असते.

८. अनिश्चिततेचे ओझे

अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या पत्नींचा अभ्यास करताना ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना विकसित केली. माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही, अशा स्थितीत शोकही करता येत नाही. निदान न झालेल्या रुग्णाच्या जोडीदाराची अवस्था हिच्याशी जवळीक साधणारी आहे. बॉस यांच्या मते, अशा वेळी परस्परविरोधी दोन गोष्टी एकत्र धरण्याची क्षमता उपयोगी पडते. ‘तो बरा होईल अशी आशा आहे आणि तसे न झाल्यास काय करावे याचीही तयारी आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात. वाईट शक्यतेचा विचार करणे म्हणजे अभद्र चिंतणे नव्हे.

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या कुटुंबीयांत पुढे निद्रानाश, चिंता व नैराश्य दिसते. २०१२ पासून वैद्यकशास्त्राने त्याची स्वतंत्र नोंद घेतली आहे. यासाठी रात्रीच्या जागरणाची पाळी लावावी, आणि घरी गेल्यावर झोपणे हेही शुश्रूषेचेच काम मानावे. पत्नी आजारी असता तिच्या माहेरच्या माणसांना पाळीत व माहितीत बरोबरीने सामावून घेणे हिताचे असते. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आधारासाठी विनामूल्य बोलता येते.

९. निष्कर्ष

जीबीएसचे नाव बहुतेकदा काही दिवसांत कळते. काही आजारांचे नाव मात्र महिनोन्‌महिने कळत नाही, क्वचित कधीच कळत नाही. तरीही श्वास सांभाळणे, गिळताना काळजी घेणे, पाठीला जखमा होऊ न देणे, सांधे हलविणे आणि वेदना कमी करणे यांसाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही. त्याचप्रमाणे नोंदी ठेवणे, रुग्णाला विचारणे, एका मुखाने बोलणे आणि स्वतः झोप घेणे यांसाठी जोडीदारासही निदानाची वाट पाहावी लागत नाही. आजाराला नाव मिळणे आपल्या हाती नसते. परंतु रुग्णाचे म्हणणे विश्वासाने ऐकणारा आणि ते डॉक्टरांपर्यंत अचूक पोहोचविणारा माणूस त्याच्यापाशी असणे हे आपल्या हाती असते, आणि नाव मिळण्याचा मार्गही पुष्कळदा तेथूनच जातो.