डिकीत दुसरी, म्हणून पहिली हसरी!

घाटमाथ्यावर गाडी लावली. दारं सताड उघडी, वूफर धडधडतोय, हातात भाजलेलं कणीस. दोन तास कसे गेले कळलंच नाही. निघायला चावी फिरवली, तर... टक. टक. टक. बॅटरी बसली आणि मंडळी धक्का मारायला उठली!

इलाज? गाण्यांसाठी वेगळी बॅटरी. आणि ही काही आजकालच्या पोरांची टूम नाही बरं.

माहीत आहे का? गाडीत रेडिओ शिरला तोच आपल्या बॅटऱ्या काखेत मारून! १९३० च्या सुमाराच्या व्हॉल्व्हवाल्या रेडिओंना शंभर-दीडशे व्होल्ट लागायचे आणि गाडीच्या बॅटरीत असायचे फक्त ६. म्हणून वेगळ्या ‘बी’ बॅटऱ्या, बऱ्याचदा पायाखालच्या फळीखाली दडवलेल्या.

त्याहून भारी गंमत ऐका. शिकागोत १९२८ मध्ये पॉल गॅल्विन यांनी कंपनी काढली. पहिलं प्रॉडक्ट? ‘बॅटरी एलिमिनेटर’! घरातल्या रेडिओची बॅटरी हद्दपार करून त्याला घरच्या विजेवर चालवणारं यंत्र. दोनच वर्षांत याच कंपनीने कार रेडिओ काढला, नाव ठेवलं मोटोरोला. बॅटरी हटवायला निघालेले थेट बॅटरीच्याच दारात!

आता थोडं गणित, घाबरू नका. ५०० वॅट खेचणारा अँप (म्हणजे अँप्लिफायर) १२ व्होल्टवर चाळीसहून जास्त अँपिअर पितो. बॅटरीवर ‘६० एएच’ (अँपिअर-तास) छापलंय म्हणून दीड तास धरून चालाल, तर फसाल. तो आकडा सहसा २० तासांच्या हिशेबाचा, म्हणजे ३ अँपिअरने घोट घोट प्यायलात तर. घटाघटा प्यायलात की माल आधीच संपतो. हे १८९७ मध्येच जर्मनीच्या पॉयकर्ट साहेबांनी सूत्रात मांडून ठेवलंय.

सेल्फची बॅटरी म्हणजे शंभर मीटरची धावपटू: पातळ प्लेटा, दोन सेकंदांत शेकडो अँपिअर, मग आराम. डिकीतली डीप सायकल बॅटरी म्हणजे वारकरी. जाड प्लेटा, संथ चाल, पण पंढरपूरपर्यंत!

दोघींच्या मध्ये बसतो आयसोलेटर रिले. इंजिन चालू, व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर, की दोघींचं एकत्र कुटुंब. इंजिन बंद, व्होल्टेज उतरलं, की वेगळी चूल! गाण्यांनी डिकीतली चाटूनपुसून संपवली तरी बॉनेटखालची शाबूत.

पण दुसरी बॅटरी लावली म्हणून वीज वाढत नाही हं. अल्टरनेटर तोच. विहिरीवर दुसरा हंडा नेला म्हणून झरा मोठा होतो का?

आणि अँपच्या मदतीला लावतात तो चमचमता १ फॅरडचा कपॅसिटर? १४ व्होल्टवर गच्च भरला तरी पोटात ९८ जूल. हजार वॅटला सेकंदाचा दहावा भाग. एक ‘ढुम’, खेळ खलास!

माहीत आहे का? डिकीकडे जाणाऱ्या जाड केबलला फ्यूज एक नाही, दोन लागतात, दोन्ही टोकांना. कारण करंट दोन्हीकडून धावू शकतो. शिवाय साधी ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद डिकीत सीलबंद एजीएम प्रकारची बॅटरीच बरी.

सगळ्यात ओळखीची दुसरी बॅटरी मात्र निवडणुकीत दिसते. प्रचाराच्या रिक्षात, मागच्या सीटपाशी, अँपला क्लिपा लावलेली. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा नियम. म्हणजे उमेदवार जागा असला तरी बॅटरीला आठ तास निवांत चार्जिंग!