तळ्यात रोपं लावायचा दिवस

सकाळी ६
गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका, जुलैचा पहिला आठवडा. धानाची रोवणी तोंडावर आली आहे. ती सुरू झाली की बायकांना उसंत नाही. म्हणून मासेमार ढीवर समाजातल्या बायकांचा गट आज भल्या सकाळीच तलावावर आला आहे. हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने काही पिढ्यांपूर्वी बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची गावातली घडी विस्कटली.

सकाळी ७
आधी बेशरमची झुडपं काढायची. उन्हाळ्यात तळ नांगरून ती काढली होती, पण राहिलेल्या कांड्यांना पावसाने कोंब फुटले आहेत. वीतभर तुकडाही ओल्यात पडला तर मूळ धरतो. एक म्हातारी नव्या सुनेला सांगते, ‘‘मुळासकट काढ बाई, नाही त पुन्हा फुटते.’’ उपटलेला ढीग पाण्यापासून लांब, पाळीपलीकडे वाळत पडतो.

सकाळी ९
शेजारच्या गावच्या तलावात अजून जुन्या वनस्पती आहेत. तिथून रोपं आणायची, पण एका जागची सगळी उपटायची नाहीत. थोडी इथली, थोडी तिथली. ओल्या पोत्यात गुंडाळून ती ऊन चढायच्या आत आणावी लागतात.

सकाळी ११
लावणीत खरं कसब आहे. देवधान, म्हणजे जंगली भात, काठाच्या ओलीत. कुमुदाचे कंद गुडघाभर पाण्यात. हायड्रिला आणि रिबिनीसारखं लांब पातीचं पाणगवत त्याहून आत. ही हलकी रोपं नुसती टाकली तर तरंगून काठाला लागतात. म्हणून मुळांभोवती चिकणमातीचा गोळा घट्ट दाबायचा, वाकून तो तळाच्या गाळात रोवायचा आणि वरून पायाने हलकेच दाब द्यायचा. कुठे काय जगेल हे या बायकांना पायाखालच्या गाळावरून कळतं. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेल्या घरांचं हे ज्ञान आहे.

दुपारी १
पाळीवर भाकरी सुटते आणि बोलणं मासोळीवर येतं. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते, पिल्लांची राखणही तिथेच करते. गवत गेलं की आडोसा गेला, मग गावची मासोळी गेली, मग पाखरंही गेली. महाराष्ट्रातले सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि त्यांनाही उथळ पाणथळ आणि धानाच्या बांध्याच लागतात.

दुपारी ३
हल्ली पाऊस दोन दिवसांत धो-धो कोसळतो, मग मोठा खंड पडतो. तलाव कोसळलेलं पाणी थोपवतो, वरच्या तलावाचा सांडवा खालचा तलाव भरतो आणि खंडात हेच पाणी धानाला जगवतं. पण ‘खोलीकरण’ म्हणून यंत्राने सगळा तळ सरसकट खरवडला, तर गाळासोबत कंद आणि बीही जातं. काठ उभा कापला की देवधानाला जागाच उरत नाही. पाण्याचा आकडा वाढतो, तळं मात्र ओसाड होतं. गाळ जरूर काढावा, पण उथळ काठ राखून, टप्प्याटप्प्याने.

सायंकाळी ६
मच्छीमार संस्थेची बैठक. ग्रासकार्पचं बीज या तलावात सोडायचं नाही, असं ठरतं. तो मासा लावलेलं गवतच फस्त करेल. लावलेल्या भागात रोपं धरेपर्यंत जाळं टाकायचं नाही, हेही ठरतं. घरी चूल पेटवायची खोळंबली असतानाही बायका शेवटपर्यंत बसतात, कारण आजची मेहनत या ठरावांवरच टिकणार आहे.

बदलत्या पावसाला तोंड द्यायच्या सरकारी योजनांत तलावांसाठी पैसा येतो तो बहुतेक मातीकामाचा. आज झालेल्या कामाला त्यांत रकाना हवा: बेशरम काढण्याची मजुरी, रोपांची लावणी, आणि यंत्र उतरण्याआधी काठ कुठवर राखायचा हे या बायकांना विचारण्याची सक्ती.