गाडीची काच, कायदा आणि मोजमाप

मोटारीच्या काचेतून किती प्रकाश आत यावा हे मालकाने ठरवावे की सरकारने, असा प्रश्न कोणी टाकला तर पुष्कळांना तो क्षुल्लक वाटेल. गाडी आपल्या पैशाची, ऊन आपल्या अंगावर. मग काच काळी असो वा पांढरी, त्याची उठाठेव दुसऱ्याने का करावी? परंतु काचेला दोन बाजू असतात. आतल्याला बाहेरचे दिसावे हा तिचा एक उपयोग, आणि बाहेरच्याला आतले दिसावे हा दुसरा. रस्ता ओलांडणारा वृद्ध मनुष्य गाडीकडे पाहत नाही, चालकाच्या तोंडाकडे पाहतो. त्याने आपल्याला पाहिले अशी खात्री पटली म्हणजे पाऊल पुढे टाकतो. काच काळी असली की हा मूक करार मोडतो.

आपल्याकडे ही बाब केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०० व्या नियमाने बांधलेली आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के, आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा तो नियम. आकडे सोपे आहेत, पण त्यांचे गणित लोकांना फसविते. फिल्म लावणारा दुकानदार म्हणतो, "साहेब, ही पन्नास टक्क्यांची आहे, कायद्यात बसते." ती फिल्म स्वतः पन्नास टक्के प्रकाश सोडत असेलही. परंतु ती हवेत लटकत नाही, काचेवर चिकटते. आणि काच स्वतःही थोडा प्रकाश अडवीतच असते. समजा, हिरवट झाक असलेली मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म चढविली की दोहोंचा गुणाकार होतो आणि हाती ३७ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश उरतो. बाजूच्या काचेलाही तो पुरेसा नाही. समोरच्या काचेची गोष्ट तर विचारूच नये. मूळ काच ७५ टक्क्यांची असेल तर ७० ची मर्यादा राखण्यासाठी वरच्या फिल्मने ९३ टक्क्यांहून अधिक प्रकाश सोडला पाहिजे. अशी फिल्म डोळ्यांना जवळजवळ दिसणारही नाही!

बाहेरून पाहणाऱ्याची अडचण याहून मोठी आहे. आतल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसावयाचा तर प्रकाशाने एकदा काचेतून आत शिरले पाहिजे आणि चेहऱ्यावरून परतून पुन्हा काचेतून बाहेर आले पाहिजे. सगळ्याच काचा ५० टक्क्यांच्या असतील तर या येरझाऱ्यात चौथा हिस्सा उरतो. १५ टक्क्यांच्या असतील तर शेकडा दोनच. त्यावर दिवसा बाहेरच्या आकाशाचे प्रतिबिंब काचेवर पडून तेवढेही झाकले जाते. रात्री अडचण चालकाकडे येते. डाव्या अंगाने बिनदिव्याची सायकल येत असली तर तिच्यावरून येणारा अपुरा प्रकाश काच आणखी कमी करते.

हे सगळे असूनही कित्येक वर्षे नियम कागदावर राहिला. कारण उघड होते. टक्केवारी डोळ्यांनी मोजता येत नाही आणि मोजणारे यंत्र चौकातल्या शिपायाच्या हाती नव्हते. शेवटी 'अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार' या जनहित याचिकेत २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. नियम काचेविषयी बोलतो, काचेवर चिकटविलेल्या वस्तूविषयी नव्हे. कारखान्यातूनच रंगीत आलेली काच मर्यादेत बसत असेल तर हरकत नाही, पण वरून कोणतीही फिल्म, मग तिची टक्केवारी काहीही असो, लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. ४ मे २०१२ पासून बंदी अमलात आली. नुसती पावती फाडून थांबू नका, फिल्म जागेवरच काढा, असेही पोलिसांना सांगण्यात आले. सूट ठेवली ती झेड व झेड प्लस सुरक्षेच्या व्यक्तींपुरती, आणि तीही समितीच्या परवानगीने.

या निकालाचा खरा गुण, आमच्या मते, त्याच्या ओबडधोबडपणात होता. फिल्म आहे की नाही हे नख लावून कळते. त्याला यंत्र लागत नाही आणि वाद घालावयास जागा राहत नाही. तरीही शिपायाचे काम सुकर झाले असे नाही. काळ्या काचेआड कोण बसले आहे हे न कळताच त्याला गाडी थांबवावी लागते, आणि आत कोणी वजनदार निघाले तर काय होईल हा विचार त्याचा हात मागे ओढतो. काळ्या काचेचा धाक असा कायद्यालाच उलटा बसतो. निकालानंतर साडेसात महिन्यांनी, १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री, दिल्लीत एका तरुणीवर ज्या खाजगी बसमध्ये अत्याचार झाला तिच्या काचांवर काळी फिल्म होती, आत पडदे होते, आणि वाटेतल्या पोलीस-नाक्यांवर ती कोणी अडविली नाही.

पुढे नियमच बदलला. २०२० च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२१ पासून, 'सुरक्षा काच' या शब्दांबरोबर प्लास्टिकचा थर असलेल्या आवरणालाही जागा मिळाली. ते भारतीय मानकाला उतरले पाहिजे, एवढी अट. या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले की, ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी प्रमाणित फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. अन्य राज्यांच्या उच्च न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण त्याचे वजन आहे. उष्णतेची तक्रारही खोटी नव्हे. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, आणि ते किरण अडवून दृश्य प्रकाश सोडणाऱ्या फिल्म आता बनतात. गारव्यासाठी काळोख लागत नाही.

परंतु यामुळे आकडा पुन्हा नियमाच्या मध्यभागी आला, आणि आकड्याबरोबर यंत्राची गरजही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड आता बहुधा मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राच्या बळावर पाठविला जातो. भर दुपारी काढलेल्या छायाचित्रात निर्दोष काचही काळी दिसते, आणि छायाचित्रातून टक्केवारी कळत नाही. न मोजता दंड केला तर सचोटीचा मालक भरडला जातो. न मोजता सोडून दिले तर लबाड सुटतो. काचेच्या दोन्ही अंगांना धरून आरपार जाणारा प्रकाश मोजणारे उपकरण हातात मावेल एवढेच असते. आमच्या मते ते प्रत्येक नाक्यावर असावे, आणि त्यावर उमटलेला आकडा पावतीवर लिहिला जावा.

तोवर ज्यांना फिल्म लावावयाचीच आहे त्यांनी वेष्टनावरच्या टक्केवारीवर विसंबू नये. आपल्याच गाडीच्या काचेवर तुकडा लावून दोहोंचे मिळून माप दुकानदाराकडून घ्यावे, मानकाची खूण पाहावी आणि तो आकडा बिलावर लिहून घ्यावा. दुकानदाराजवळ मोजण्याचे यंत्र नसेल तर दुसरे दुकान पाहावे.