नागपूर विमानतळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरचा सोनेगाव विमानतळ 2005पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून ओळखला जातो. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे भारतीय हवाई वाहतुकीत त्याला वेगळे स्थान आहे. त्याविषयीचे काही समज मात्र तपासून घ्यावे लागतात.

गैरसमज : या विमानतळाचे महत्त्व मिहान या मालवाहतूक केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रकल्पानंतर वाढले.
वस्तुस्थिती : जानेवारी 1949मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि नागपूर तिचे केंद्र बनले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने रात्री सोनेगावला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल झाली, की ती सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा हवाई आकार न घेता विमानाने जाऊ लागली. साध्या पत्रालाही विमान मिळाले, त्यामागे नागपूरची ही रात्रपाळी होती.

गैरसमज : मध्यवर्ती स्थानामुळे आजही देशभरच्या प्रवाशांना नागपूरला विमान बदलावे लागते.
वस्तुस्थिती : जेट विमाने महानगरांमधले अंतर दोन-अडीच तासांत न थांबता कापतात. त्यामुळे मध्ये उतरण्याची गरज उरली नाही आणि रात्रीची टपालसेवाही 1970च्या दशकात बंद झाली. आज येथील बहुतेक प्रवासी विदर्भ आणि लगतच्या मध्य प्रदेशातून येणारे-जाणारे असतात.

गैरसमज : येथे न उतरणाऱ्या विमानांशी नागपूरचा संबंध नसतो.
वस्तुस्थिती : मध्य भारतावरून उंचावरून जाणाऱ्या विमानांना मार्ग आणि उंची ठरवून देण्याचे काम नागपूरचे हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र करते. ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे. प्रवासी आजारी पडल्यास किंवा यंत्रात बिघाड झाल्यास अशी विमाने अनेकदा नागपूरलाच उतरवली जातात.

गैरसमज : ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे परदेशी उड्डाणे भरपूर.
वस्तुस्थिती : सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणीची सोय असणे, हा त्या शब्दाचा अर्थ. शारजा व दोहा या शहरांशी नागपूर थेट जोडले गेले, पण येथील बहुतांश उड्डाणे देशांतर्गतच असतात.

गैरसमज : मिहान हे विमानतळाचेच दुसरे नाव.
वस्तुस्थिती : मिहान हा मालवाहतूक केंद्र, विशेष आर्थिक क्षेत्र आणि विमानतळ यांचा एकत्रित प्रकल्प आहे. बोइंगने उभारलेले आणि एअर इंडियाकडे सोपवलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र 2015मध्ये तेथेच सुरू झाले.